घर गेलेला माणूस सर्वेक्षणात सापडत नाही : महामंदीतल्या घरकिमतींचा आकडा कुठून आला?



२०११ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक तुलना बरीच फिरली. घरांच्या किमती शिखरापासून सुमारे ३३ टक्के उतरल्यात, १९३० च्या महामंदीत त्या ३१ टक्के उतरल्या होत्या, म्हणजे आताची पडझड महामंदीपेक्षाही मोठी! वाचायला थरारक आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. २०११ चा आकडा संगणकात नोंदलेल्या खरेदीखतांवरून काढलेला आहे, हे ठीक. १९३३ चा ३१ टक्के हा आकडा कोणी, कधी आणि कोणाला विचारून काढला?

आजचा लेख या एका आकड्याच्या पोटात शिरण्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेत, आणि सिनॉप्सिसमध्ये 'उपलब्ध आकडेवारीच्या आधारे' हे शब्द हमखास येतात. ते लिहिण्याआधी हे प्रकरण एकदा वाचाच.

सुरुवातीला एक शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे बँकेत 'फोरक्लोजर' म्हटलं की कर्ज मुदतीआधी फेडून टाकणं, म्हणजे आनंदाचीच गोष्ट. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. हप्ते थकले म्हणून सावकाराने किंवा बँकेने गहाण घर ताब्यात घ्यायची कारवाई करणं, म्हणजे आपल्या भाषेत जप्ती आणि लिलाव. (लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलाय, पण तो विषय वेगळा.) या लेखात मी 'जप्ती' असंच म्हणणार आहे.

आता १९२० च्या दशकातलं गृहकर्ज कसं होतं ते बघा, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आजच्यासारखं वीस-तीस वर्षांचं, दर महिन्याला थोडं मुद्दल थोडं व्याज, असं कर्ज तेव्हा सर्रास नव्हतं. बँका आणि विमा कंपन्या साधारण तीन ते पाच वर्षांसाठी, घराच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास कर्ज द्यायच्या. मुदतीत बहुधा फक्त व्याज भरायचं आणि शेवटी सगळं मुद्दल एकदम. अर्थात एकदम कोणीच भरत नसे, मुदत संपली की कर्ज नवं करून घ्यायचं. उरलेल्या पैशांसाठी चढ्या व्याजाचं दुसरं गहाणखत. 'बिल्डिंग अँड लोन' नावाच्या स्थानिक संस्था जास्त मुदतीचं, हप्त्याहप्त्याने फिटणारं कर्ज द्यायच्या, पण त्यांचाही सगळा खेळ सभासदांचे पैसे येत राहण्यावर. हे चक्र फिरत होतं तोवर ठीक. १९२९ नंतर कर्ज नवं करून द्यायला कोणी तयार होईना. हप्ते नियमित भरणाऱ्या, नोकरी टिकलेल्या माणसाचंही घर मुदत संपली म्हणून धोक्यात आलं.

बिगरशेती घरांच्या जप्तीचे वार्षिक आकडे उपलब्ध आहेत. १९२६ मध्ये ६८,१००. १९२९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस शेअरबाजार कोसळला त्याच वर्षी, १,३४,९००. तीन वर्षांत जवळपास दुप्पट, आणि मंदीचं नाव अजून निघायचं होतं! हा मुद्दा माझ्या मते पाठ्यपुस्तकांत फार घाईने उरकला जातो. पुढे १९३० मध्ये दीड लाख, १९३१ मध्ये १,९३,८००, १९३२ मध्ये २,४८,७०० आणि १९३३ मध्ये २,५२,४००.

जाता जाता एक हिशेब. '१९३३ मध्ये रोज हजार घरं जप्त होत होती' हे वाक्य तुम्हाला असंख्य पुस्तकांत सापडेल. २,५२,४०० ला ३६५ ने भागा. ६९१ येतात. मग हजार कुठून आले? हे वाक्य बहुधा त्या वर्षीच्या वसंत ऋतूबद्दल, म्हणजे लाट ऐन भरात असतानाच्या दिवसांबद्दल सांगितलेलं असतं. तसं असेल तर दोन्ही आकडे नांदू शकतात. पण 'वसंत' गळतो आणि 'रोज हजार' उरतं. शिवाय जप्ती मोजायची कधी? दावा दाखल झाला तेव्हा, लिलाव झाला तेव्हा, की घर सोडवायची मुदत संपली तेव्हा? तिन्हींचे आकडे वेगळे येतात.

आता किमतीकडे येऊ. लाटेच्या काळात घराची किंमत म्हणजे नेमकं काय, हे समजायला मिनियापोलिस शहरातलं एक घर बघू. हे घर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, म्हणून त्याचा पैसा न् पैसा नोंदलेला आहे. खटल्याचं नाव 'होम बिल्डिंग अँड लोन असोसिएशन विरुद्ध ब्लेसडेल', निकाल ८ जानेवारी १९३४. चौदा खोल्यांचं घर. नवरा-बायको स्वतः तीन खोल्यांत राहायचे आणि बाकीच्या भाड्याने द्यायचे. घरावर ३,८०० डॉलरचं गहाण. हप्ते थकले, आणि २ मे १९३२ ला घराचा लिलाव झाला. घर घेतलं खुद्द कर्ज देणाऱ्या संस्थेने. किंमत : ३,७०० डॉलर आणि ९८ सेंट.

या ९८ सेंटपाशी थोडं थांबा. घासाघीस करून ठरलेली किंमत कधी ९८ सेंटवर येऊन थांबते का? ही किंमत बाजारातून आलेली नाही, ती संस्थेच्या खतावणीतून आलेली आहे. येणं बाकी होतं तेवढीच बोली. दुसरा बोली लावणारा असता तर आकडा हलला असता, पण १९३२ मध्ये रोख पैसे घेऊन लिलावाला उभा राहणार कोण? कोर्टापुढे आलेल्या नोंदीनुसार घराची त्या वेळची वाजवी बाजारकिंमत ६,००० डॉलर होती. म्हणजे एकाच घराला एकाच काळात दोन किमती : ३,७०० आणि ६,०००. आणि खरं सांगायचं तर सहा हजारही अंदाजच. कारण त्या किमतीला प्रत्यक्ष घेणारा कोणी समोर उभा नव्हता.

आता समजा तुम्ही मिनियापोलिसच्या घरबाजारावर संशोधन करताय आणि १९३२ ची सगळी नोंदणी तुमच्यासमोर आहे. त्यात हा ३,७००.९८ चा व्यवहार 'विक्री' म्हणूनच दिसणार. तो धरलात तर बाजार भयंकर कोसळलेला दिसेल. गाळलात तर त्या वर्षी झालेल्या व्यवहारांपैकी मोठा हिस्साच गळेल, आणि उरतील ते घाई नसलेल्या माणसांचे, चांगल्या भागातले, थोडके व्यवहार. बरं, लिलावाची बोली राज्याच्या कायद्यावरही ठरायची. काही राज्यांत लिलावातून कर्ज पूर्ण वसूल झालं नाही तर उरलेल्या रकमेसाठी कर्जदारावर पुन्हा दावा लावता यायचा. तिथे बँकेला बोली कमी लावण्यातच फायदा, कारण घर स्वस्तात पदरात पडलं आणि वर येणंही शिल्लक! म्हणून दोन राज्यांतल्या लिलावाच्या किमती शेजारी ठेवून 'अमुक शहरात घसरण जास्त' असं म्हणण्याआधी दोन्हीकडचे कायदे वाचायला लागतात. आकडेवारीच्या तक्त्यात कायदा दिसत नाही.

या घराचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. मिनेसोटात लिलावानंतरही घर सोडवून घ्यायला एक वर्ष मिळायचं. ते २ मे १९३३ ला संपत होतं. त्याच्या दोन आठवडे आधी, १८ एप्रिलला, राज्याने कायदा करून कोर्टांना ही मुदत वाढवायची परवानगी दिली. कोर्टाने १ मे १९३५ पर्यंत मुदत दिली, मात्र दरमहा ४० डॉलर भरायच्या अटीवर. संस्था सुप्रीम कोर्टात गेली : करार म्हणजे करार, विधिमंडळाने त्यात हात घालायचा नाही. पाच विरुद्ध चार अशा मतांनी कायदा टिकला. घटनात्मक कायद्याचे विद्यार्थी हा खटला कराराच्या स्वातंत्र्यासाठी वाचतात. आपण तो दरमहा ४० डॉलरसाठी वाचावा, कारण त्या घराचं वाजवी भाडं कोर्टाने तेवढं धरलं होतं. म्हणजे एकाच घराची जुनी कर्जरक्कम, लिलावाची बोली, बाजारभावाचा अंदाज आणि भाडं, हे चारही आकडे एका निकालपत्रात हाती लागतात. असा ऐवज क्वचित मिळतो.

आता मूळ प्रश्न. तो ३१ टक्के.

जानेवारी १९३४ मध्ये केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून बेकारांना काम देताना एक मोठी पाहणी झाली, 'फायनान्शियल सर्व्हे ऑफ अर्बन हाउसिंग'. शहरोशहरी घरमालकांना विचारलं गेलं : घर कोणत्या वर्षी घेतलं, किती किमतीला घेतलं, आज त्याची किंमत काय वाटते? पुढे १९५६ मध्ये ग्रेब्लर, ब्लँक आणि विनिक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी यातल्या २२ शहरांची उत्तरं घेऊन १८९० ते १९३४ या काळाचा घरकिमतींचा निर्देशांक बांधला. कल्पना हुशारीची होती. प्रत्येक घराच्या दोन किमती मिळतात, तेव्हाची आणि आताची. एकाच घराची स्वतःशीच तुलना, म्हणजे बंगला आणि चाळ एकत्र मोजल्याचा घोटाळा नाही. रॉबर्ट शिलर यांनी शंभरहून अधिक वर्षांची जी प्रसिद्ध मालिका तयार केली, तिच्यात १८९० ते १९३४ चा तुकडा हाच आहे. महामंदीत घरं साधारण तीस टक्के उतरली, हे आपलं ज्ञान मुख्यतः इथून आलंय.

आता पाहणी करणारा माणूस दार ठोठावतोय असं डोळ्यांसमोर आणा. जानेवारी १९३४. दार कोण उघडणार? ज्याचं घर अजून त्याच्याकडे आहे तो. १९२९ ते १९३३ या पाच वर्षांच्या जप्त्यांची बेरीज करा : ९,७९,८००. जवळजवळ दहा लाख. या घरांचे जुने मालक आता दुसऱ्या गल्लीत भाडेकरू, मेहुण्याच्या माडीवर, नाहीतर दुसऱ्या गावी. 'घर कितीला घेतलं होतं?' हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, कारण ते घरमालक नव्हते. त्यांचं घर बँकेकडे पडून असेल तर तिथे भाडेकरू राहत होता किंवा कुलूप होतं.

बरं, घर गमावणारे लोक इतरांसारखेच असते तर फारसं बिघडलं नसतं. नमुना लहान झाला असता इतकंच. पण तसं नाही. जप्ती कोणावर आली असेल? ज्याने १९२० च्या दशकात उशिरा, चढ्या भावात, दोन गहाणखतांवर घर घेतलं त्याच्यावर. ज्या वस्तीत कारखाना बंद पडला तिथल्या कामगारावर. ज्याने १९१० मध्ये घर घेऊन कर्ज फेडून टाकलं होतं तो टिकला. म्हणजे ज्यांच्या घराची किंमत सगळ्यात जास्त पडली तेच लोक यादीतून बाहेर गेले. वर जे टिकले त्यांनी आपल्या घराची किंमत स्वतः सांगितलेली, आणि आपलं घर पडत्या भावाचं आहे हे कबूल करायला माणूस सहसा तयार नसतो. दोन्ही दोष एकाच दिशेने ओढतात : घसरण आहे त्यापेक्षा कमी दिसते. एक दोष वर आणि दुसरा खाली ओढत असता तर निदान वाद घालता आला असता.

अलीकडच्या संशोधकांनी हे बाजूला ठेवून दुसरीकडून मोजायचा प्रयत्न केला. टॉम निकोलस आणि अॅना शेर्बिना यांनी मॅनहॅटनमधले प्रत्यक्ष खरेदी-विक्रीचे व्यवहार गोळा करून १९२० ते १९३९ चा निर्देशांक काढला. त्यात किमती १९२९ च्या तिसऱ्या तिमाहीत शिखरावर आहेत आणि १९३२ च्या अखेरीपर्यंत ६७ टक्के खाली. ६७! आता लगेच '३१ चूक, ६७ बरोबर' असं म्हणू नका. मॅनहॅटनमधल्या इमारती म्हणजे ओहायोतलं कामगाराचं छोटं घर नव्हे, तिथली तेजीही वेगळी होती. प्राइस फिशबॅक आणि ट्रेवर कोलमन यांनी अनेक शहरांसाठी १९२० ते १९४० चे अंदाज नव्याने काढले. त्यांचाही निष्कर्ष असा की जुना निर्देशांक विसाच्या दशकातली चढण आणि नंतरची उतरण दोन्ही कमी दाखवतो. मला स्वतःला यातला 'अनेक शहरं' हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. घरबाजार हा मुळात गल्लीतला बाजार आहे. देशभराची सरासरी काढली की ती कुठल्याच गल्लीची राहत नाही.

गल्लीच्या पातळीवरची साधनं आहेत का? आहेत, आणि इथेच सरकारने स्वतः तयार केलेली एक चौथी किंमत भेटते.

१३ जून १९३३ ला कायदा होऊन 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' ही संस्था स्थापन झाली. तिने काय केलं, तर बँकांकडून थकलेली गृहकर्जं विकत घेतली, बदल्यात रोखे दिले, आणि घरमालकाला १५ वर्षांच्या मुदतीचं, ५ टक्के व्याजाचं नवं कर्ज दिलं. सुमारे १९ लाख अर्ज आले, १० लाखांच्या वर कर्जं दिली गेली, रक्कम तीन अब्ज डॉलरहून जास्त. आता यात मेख अशी की कायद्याने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता यायचं. समजा बँकेचं येणं ५,००० आणि घराला आज गिऱ्हाईक मिळालंच तर ४,५०० ला. त्याचे ८० टक्के ३,६००. बँक कशाला मान्य करेल? म्हणून संस्थेने घराची किंमत ठरवताना तीन आकड्यांची सरासरी घेतली : आजचा बाजारभाव, तसंच घर पुन्हा बांधायचा खर्च वजा घसारा, आणि मागच्या दहा वर्षांच्या वाजवी भाड्यावरून निघणारं मूल्य. तेजीची वर्षं त्या दहात आपोआप आली. किंमत ६,००० धरली तर ८० टक्के ४,८०० होतात, आणि बँक दोनशेचं पाणी सोडून हसत सही करते. जोनाथन रोझ यांनी दाखवलंय की या उदार मूल्यांकनाचा मोठा फायदा कर्ज देणाऱ्यांना झाला आणि म्हणूनच ते योजनेत आले. आपल्याकडे रेडी रेकनरचा दर आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा दर यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच की इथे सरकारी किंमत मुद्दाम, घरं वाचवण्यासाठी, चढी ठेवली होती. मला ते गैर वाटत नाही. पण अशा मूल्यांकनाची कागदपत्रं हाती लागली तर त्यांना 'बाजारभाव' म्हणू नका.

याच संस्थेने १९३५ ते १९४० मध्ये दोनशेहून जास्त शहरांचे ते कुप्रसिद्ध नकाशे केले, ज्यात 'धोक्याच्या' वस्त्या लाल रंगात आहेत. केनेथ जॅक्सन यांनी ते उजेडात आणल्यापासून त्यांच्यावर प्रचंड लिहिलं गेलंय. नकाशांनी भेदभाव निर्माण केला की आधीचाच कागदावर उतरवला, हा वाद चालू आहे. संस्थेची बहुतेक कर्जं नकाशे व्हायच्या आधीच देऊन झाली होती, हे मात्र विसरू नये. माझा मुद्दा वेगळा आहे. रंगाच्या नादात लोक नकाशासोबतचे फॉर्म वाचत नाहीत. प्रत्येक वस्तीचा एक फॉर्म, त्यात १९२९ ची घरकिंमत, मंदीतली नीचांकी किंमत, सध्याची किंमत, तसंच भाडं, शिवाय विक्रीला मागणी आहे का. स्थानिक बाजाराचा असा वस्तीवार ठेवा दुसरा नाही, आणि तो आज रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतो. फॉर्म भरताना माहिती पुरवणारे बरेचसे त्याच शहरातले जमीन-घरांचे दलाल आणि कर्ज देणारे. कृष्णवर्णीय किंवा परदेशातून आलेले लोक राहतात म्हणून वस्ती 'उतरती' असं लिहिणारेही तेच. म्हणजे किमतीचा रकाना आणि वंशाचा रकाना एकाच हाताने भरलेला आहे. पहिला वापरायचा आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करायची, हे चालणार नाही.

संस्थेला स्वतःलाही पुढे जवळपास दोन लाख घरं ताब्यात घ्यावी लागली. ती तिने एकदम बाजारात ओतली नाहीत. दुरुस्त केली, भाड्याने दिली आणि हळूहळू विकली. १९५१ मध्ये सगळं आवरलं तेव्हा हिशेबात थोडा नफाच होता.

राहिला दार न उघडलेला माणूस. त्याला शोधता येतं का?

आता येतं. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत प्रत्येक कुटुंबाला विचारलं होतं, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि स्वतःचं असेल तर त्याची किंमत किती. १९४० मध्ये पुन्हा तेच विचारलं, आणि शिवाय १ एप्रिल १९३५ ला कुठे राहत होतात हेही. त्या देशात जनगणनेची नावानिशी पानं ७२ वर्षांनी खुली होतात. १९३० ची २००२ मध्ये खुली झाली, १९४० ची २ एप्रिल २०१२ ला. म्हणजे ती ३३ विरुद्ध ३१ ची बातमी छापून आली तेव्हा दुसरं टोक अजून कुलपात होतं. देशात स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं १९३० मध्ये ४७.८ टक्के होती, १९४० मध्ये ४३.६. या सव्वाचार टक्क्यांच्या मागे नावं आहेत. दोन्ही जनगणनांत तोच माणूस नाव, वय आणि जन्मराज्यावरून जुळवायचा, १९३० च्या पानावर मालकीचं 'ओ' आणि त्यापुढे डॉलरमध्ये किंमत, १९४० च्या पानावर भाड्याचं 'आर'. काम किचकट आहे, स्त्रियांची आडनावं बदलतात, स्पेलिंग बदलतात, आणि घर विकून स्वखुशीने भाड्याने गेलेला माणूसही असाच दिसतो, म्हणून काउंटीच्या कचेरीतल्या जप्तीच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. पण एखाद्या मध्यम शहरापुरतं हे एका पीएचडीत बसतं. कोणाला विषय हवा असेल तर खाली लिहा, फॉर्म आणि जनगणनेची पानं कशी उतरवून घ्यायची ते पुढच्या लेखात टप्प्याटप्प्याने सांगतो.